बॉबी फिशरचा संशय

(गोव्यात फोंडा येथे बुद्धिबळ खेळणारी मुलं, त्यांचे पालक आणि प्रशिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

2025च्या नोव्हेंबरात आपल्या हडफड्यात बुद्धिबळाचा विश्वचषक भरला, तेव्हा तुमच्यातले बरेच जण मुलांना घेऊन तिथे गेला असाल. 206 खेळाडू. त्यांत जगज्जेता गुकेश, अर्जुन एरिगैसी, प्रज्ञानंद, नागपूरची दिव्या देशमुख. जिंकला उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव, अवघ्या 19 वर्षांचा. तिथल्या टेबलांवरची घड्याळं आठवा. चाल करून बटण दाबलं की तुमच्या वेळेत काही सेकंदांची भर पडते. त्यामुळे शेवटी जिंकत आलेला डाव निव्वळ घड्याळ संपलं म्हणून हातचा जात नाही. ही कल्पना ज्याची, त्याने 1989 साली तिचं पेटंट मिळवलं. त्या वेळी त्याने 17 वर्षांत एकही जाहीर डाव खेळलेला नव्हता. कॅलिफोर्नियात तो जवळजवळ अज्ञातवासात राहत होता. त्याचं नाव बॉबी फिशर, 1972 साली जगज्जेता झालेला अमेरिकन.

फिशरबद्दल बोलायला उभं राहिलं की लोकांची एक अपेक्षा असते: प्रतिभा आणि वेड कसे शेजारी राहतात ते सांगा. पॉल मॉर्फीचं उदाहरण तयार असतं. 1858 साली युरोप जिंकून आलेला हा तरुण पुढे खेळच सोडून बसला आणि 47व्या वर्षी न्यू ऑर्लिन्समध्ये वारला, तोवर त्याला लोक आपल्यावर विष घालतील अशी भीती वाटू लागली होती. स्टाइनित्झ हा पहिला अधिकृत जगज्जेता, तो 1900 साली न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात, कफल्लक अवस्थेत वारला. दोन्ही खरं आहे. पण त्याच यादीत बोत्विनिक आहे, जो आयुष्यभर विद्युत अभियंता म्हणून काम करत राहिला. स्मिस्लोव आहे, जो ऑपेरा गायचा. मॅक्स यूवे आहे, गणिताचा शिक्षक. आपला आनंद आहे. बुद्धिबळाने माणूस बिघडतो असं म्हणायचं तर ही सगळी माणसं कुठे ठेवायची? त्यामुळे तो सिद्धांत मी बाजूला ठेवतो. मी डॉक्टर नाही. ज्याला कधी तपासलं नाही अशा माणसाच्या आजाराला दुरून नाव देणं मला योग्यही वाटत नाही.

मला दिसलेली गोष्ट वेगळी आहे. फिशरने लहानपणापासून जे जे संशय घेतले, त्यांतले सुरुवातीचे बहुतेक खरे निघाले. माझ्या मते त्याच्या आयुष्याची शोकांतिका तिथे सुरू होते. संशय खोटा निघाला तर माणूस निदान थांबून विचार करतो. तो पुन्हा पुन्हा खरा निघाला की थांबायचं कारणच उरत नाही.

आधी घर पाहू. फिशर 1943 साली शिकागोत जन्मला. आई रेजिना, ज्यू घराण्यातली, विलक्षण बुद्धीची बाई. अनेक भाषा येणारी, तिसाच्या दशकात मॉस्कोत वैद्यकशास्त्र शिकलेली. मुलाच्या जन्मदाखल्यावर वडील म्हणून हान्स-गेरहार्ट फिशर यांचं नाव होतं, पण ते त्या काळात अमेरिकेत नव्हतेच. खरे वडील बहुधा पॉल नेमेनी, हंगेरीहून आलेले गणितज्ञ. मुलगा नऊ वर्षांचा होण्याच्या सुमारास तेही वारले. रेजिना दोन मुलांना एकटीने वाढवत होती, पडेल ती नोकरी करत, गाव बदलत, शेवटी ब्रुकलिनला येऊन राहिली. न्यूयॉर्कमध्ये 1949 साली थोरल्या जोनने सहा वर्षांच्या बॉबीला गप्प बसवायला खालच्या मिठाईच्या दुकानातून एक पट आणला. दोघं भावंडं पाठीमागचे नियम वाचून खेळायला शिकली. बहिणीचा उत्साह थोड्याच दिवसांत ओसरला, भाऊ स्वतःशीच खेळू लागला.

आईने काय करावं? तिने ब्रुकलिनच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की माझ्या मुलाशी बुद्धिबळ खेळायला त्याच्या वयाची मुलं मिळतील का. वर्तमानपत्राला ही जाहिरात कुठल्या सदरात टाकावी कळेना. पत्र फिरत फिरत बुद्धिबळाचे जुने जाणकार हर्मन हेल्म्स यांच्याकडे गेलं, त्यांनी एका प्रदर्शनी सामन्याला बोलावलं. जानेवारी 1951मध्ये सात वर्षांचा बॉबी मॅक्स पेव्हीसमोर बसला, पाव तासच टिकला, आणि रडला. बघणाऱ्यांत कार्माइन निग्रो होते. त्यांनी त्याला आपल्या क्लबात नेलं. मला या पत्राचं फार वाटतं. फिशरच्या आईवर पुढे कितीतरी लोकांनी दोष ठेवला. पण मुलाचं एकटेपण सगळ्यात आधी दिसलं ते तिलाच, आणि त्यावर तिच्या हातात होतं ते तिने केलं.

आता संशयाकडे येतो. रेजिना डाव्या विचारांची, मॉस्कोत राहून आलेली. काळ शीतयुद्धाचा. अमेरिकेची एफबीआय तिच्यावर नजर ठेवून होती आणि तिची फाइल शेकडो पानांची झाली. आपल्या मागावर माणसं आहेत हे घरात ठाऊक होतं. अनोळखी माणसाशी बोलू नका, काही विचारलं तर सांगू नका, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. पुढे साठीला टेकलेला फिशर सांगत असे की सरकार माझ्या मागे लागलंय, तेव्हा लोक हसत. लहानपणी ते शब्दशः खरं होतं.

मुलगा मात्र पटावर सुटला होता. 17 ऑक्टोबर 1956, न्यूयॉर्क, समोर डॉनल्ड बर्न, देशातल्या नामांकितांपैकी. बॉबी 13 वर्षांचा, काळी मोहरी. सतराव्या चालीला त्याने उंट मागे घेतला आणि वजीर सरळ मारू दिला. बर्नने वजीर घेतला. त्यानंतर काळ्याचा घोडा आणि उंट मिळून राजाला शहामागून शह देत राहिले. प्रत्येक शहाबरोबर काळ्याच्या पदरात काहीतरी पडत होतं. पटावर वजीर पांढऱ्याचा, पण सगळी हालचाल काळ्याची. एक्केचाळिसाव्या चालीला मात. बर्नने डाव मधेच सोडला नाही, मुलाला मात करू दिली. मोठ्या खेळाडूचं हे मोठेपण मी मुलांना नेहमी सांगतो. हा डाव घरी लावून पाहा. मी तो असंख्य वेळा पाहिलाय आणि तो उंट मागे जातो त्या क्षणी अजून अंगावर काटा येतो.

पुढच्या गोष्टी झटपट सांगतो, कारण त्या तुम्हाला ठाऊक आहेत. 14व्या वर्षी अमेरिकेचा विजेता, 15व्या वर्षी ग्रँडमास्टर, तेव्हाचा जगातला सर्वांत लहान. आठ वेळा राष्ट्रीय विजेता, त्यांत एकदा 11 पैकी 11. शाळा 16व्या वर्षी सोडली. 1960च्या सुमारास रेजिना घर सोडून शांतता पदयात्रेत सामील झाली, आणि 17 वर्षांचा मुलगा ब्रुकलिनच्या त्या घरात एकटा राहू लागला. पुस्तकं आणि पट. दुसरं काही नाही.

इथे थांबून मला आपल्या गोव्याच्या लिऑन मेंडोंसाची आठवण होते. मार्च 2020मध्ये तो वडिलांबरोबर युरोपात स्पर्धांना गेला आणि टाळेबंदीत तिथेच अडकला. बापलेक महिनोन्‌महिने बुडापेस्टला राहिले, जिथे स्पर्धा होतील तिथे खेळत गेले, आणि वर्ष संपता संपता 14 वर्षांच्या लिऑनने इटलीत ग्रँडमास्टर किताबाची शेवटची अट पूर्ण केली. परका देश, भोवती साथ. त्याची गुणवत्ता त्याची स्वतःची, पण संध्याकाळी डाव हरून खोलीवर आलं की समोर कुणीतरी आपलं माणूस होतं. फिशरकडे ते नव्हतं. प्रशिक्षक होते, जॅक कॉलिन्ससारखे प्रेमळ होते, त्यांच्या घरी तो तासन्‌तास पडून असे. पण त्याला थांबवण्याचा हक्क असलेलं, आणि त्याने ज्याचं ऐकलं असतं, असं माणूस घरात कुणी नव्हतं.

मग 1962. क्युरासाव या कॅरिबियन बेटावर कँडिडेट्स स्पर्धा, आठ खेळाडू, प्रत्येकाशी चार डाव. जिंकेल तो जगज्जेत्याला आव्हान देणार. फिशर चौथा आला. त्याने अमेरिकेतल्या एका साप्ताहिकात जाहीर आरोप केला की सोव्हिएत खेळाडू आपसात बरोबरी ठरवून खेळतात, म्हणून बाहेरच्याला जिंकताच येत नाही. पोरसवदा खेळाडूची चिडचिड म्हणून लोक त्याला हसले. आता आकडे बघा. पेट्रोसियान, केरेस आणि गेलर या तिघा सोव्हिएत खेळाडूंचे आपसातले 12 डाव झाले. बाराच्या बारा बरोबरीत, आणि बहुतेक थोडक्या चालींत. इतरांशी लढताना हे तिघे ताजेतवाने, बाकीचे दमलेले. त्या काळात वावरलेल्या सोव्हिएत खेळाडूंनीही पुढे अशा संगनमताची कबुली दिली. जागतिक संघटनेने नियमच बदलला: 1965पासून कँडिडेट्समध्ये एकास एक सामने सुरू झाले. फिशर त्या स्पर्धेत इतरांपेक्षा कमी पडला होता हेही खरं, पेट्रोसियानपासून तो बराच मागे होता. पण त्याचा मुद्दा बरोबर होता.

19-20 वर्षांच्या मुलाच्या मनात यातून काय ठसलं असेल? सगळे म्हणाले तू चुकतोयस, आणि तो चुकला नव्हता. पटावरही तेच. इतर ग्रँडमास्टर म्हणत ही चाल चालणार नाही, तो खेळून दाखवी की चालते. बुद्धिबळात एखाद्याचंच बरोबर आणि शंभर जणांचं चूक असं होऊ शकतं, आणि ते सिद्धही करता येतं. पट त्याचा निकाल देतो. पटाबाहेरच्या जगात निकाल देणारं तसं काही नसतं. तिथे माणसांवर विसंबावं लागतं. फिशरने ते कधी शिकलंच नाही.

त्याच्या मागण्या आठवा. प्रकाश पुरेसा हवा. प्रेक्षक दूर हवेत. कॅमेऱ्याचा आवाज नको. खेळाडूला योग्य मानधन हवं. धर्मश्रद्धेमुळे शनिवारी तो खेळणार नाही. 1967 साली ट्युनिशियात आघाडीवर असताना याच कारणांवरून भांडून तो स्पर्धा सोडून निघून गेला. तेव्हाच्या आयोजकांना तो हट्टी, नखरेबाज वाटला. हडफड्यात जे सभागृह तुम्ही पाहिलंत, शांत, गारवा असलेलं, प्रेक्षक अंतरावर, लाखो डॉलरची बक्षिसं, त्यातली कितीतरी गोष्ट ज्याच्या हट्टाने आली तो हा माणूस. म्हणजे इथेही तोच बरोबर.

1970 आणि 71 ही त्याची सोन्यासारखी वर्षं. 1971 साली कँडिडेट्स सामन्यात सोव्हिएत ग्रँडमास्टर ताइमानॉवला त्याने 6-0 हरवलं. या दर्जाच्या सामन्यात कुणी कुणाला 6-0 हरवत नाही. मग लार्सनलाही 6-0. मग पेट्रोसियानला साडेसहा विरुद्ध अडीच. ताइमानॉव मायदेशी परतला तेव्हा विमानतळावर त्याच्या सामानाची झडती झाली, मनाई असलेलं पुस्तक सापडलं म्हणून मानधन बंद, परदेशप्रवास बंद. ही शिक्षा हरल्याची होती हे सगळ्यांना कळत होतं. एका डावावर दोन महासत्तांनी आपली इज्जत टांगून ठेवली होती. त्यात खेळाडूचं काय होतं हे कुणाच्या खिजगणतीत नव्हतं, ना इकडे ना तिकडे.

रेक्याविक, आइसलँडची राजधानी, 1972. जगज्जेतेपदाचा सामना, समोर सोव्हिएत जगज्जेता बोरिस स्पास्की. इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे.

फिशर वेळेवर पोचलाच नाही. उद्‌घाटन झालं, तो न्यूयॉर्कमध्येच. जागतिक संघटनेचे अध्यक्ष तेव्हा मॅक्स यूवे, त्यांनी सामना पुढे ढकलला. लंडनचे जिम स्लेटर यांनी स्वतःच्या खिशातले 50,000 पौंड घालून बक्षिसाची रक्कम दुप्पट केली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांनी फोन केला. तेव्हा कुठे तो आला. पहिल्या डावात, बरोबरीच्या स्थितीत, त्याने उंटाने कोपऱ्यातलं प्यादं घेतलं आणि उंट अडकवून बसला. हरला. दुसऱ्या डावाला कॅमेऱ्यांवरून भांडण, तो आलाच नाही, पंचांनी डाव स्पास्कीला दिला. दोन-शून्य. त्याआधीच्या आयुष्यात फिशरने स्पास्कीला एकदाही हरवलेलं नव्हतं.

स्पास्कीने या क्षणी सामान बांधून घरी जायला हवं होतं. मॉस्कोचा सल्ला तसाच होता. कायद्याने, नियमाने तो जगज्जेता राहिला असता. तो राहिला. फिशर म्हणाला, तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या खोलीत खेळू. स्पास्की म्हणाला, खेळू. त्या छोट्या खोलीत अकराव्या चालीला फिशरने घोडा पटाच्या कडेला नेला, राजाच्या बाजूची स्वतःची प्यादी मोडू दिली. पुस्तकी शहाणपणाला सोडून असलेली चाल. त्याने डाव जिंकला, स्पास्कीवर आयुष्यातला पहिला विजय, आणि तिथून सामना उलटला.

सहाव्या डावात राजापुढचं प्यादं पुढे टाकून खेळणाऱ्या फिशरने उंटापुढच्या प्याद्याने सुरुवात केली. जगभरच्या जाणकारांना धक्का. मग स्पास्कीच्याच आवडत्या बचावाला त्याने असं काही घेरलं की डाव संपल्यावर प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले, आणि हरलेला स्पास्कीही त्यांच्यासोबत उभा राहून टाळ्या वाजवू लागला. फिशर चकित झाला होता. समोरच्याने आपल्याला हरवल्यावर टाळ्या वाजवणं, हे त्याच्या जगात बसत नव्हतं.

पुढे संशयाची लागण सोव्हिएत पथकालाही झाली. स्पास्की हरतोय म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. खुर्चीत यंत्र बसवलंय का, दिव्यातून काही सोडतात का? खुर्च्यांची क्ष-किरण तपासणी झाली, दिव्यांचं झाकण उघडलं. आत दोन मेलेल्या माशा सापडल्या. मला यावरून एक कळतं: फिशर एकटाच संशयाने पछाडलेला नव्हता. तो काळच तसा होता. बाकीच्यांना पथक होतं, देश होता, घर होतं. याला फक्त संशय होता.

1 सप्टेंबर 1972. स्पास्कीने फोनवरून एकविसावा डाव सोडला. साडेबारा विरुद्ध साडेआठ. 1948पासून सोव्हिएत संघाबाहेर न गेलेलं पद अमेरिकेकडे गेलं. फिशर 29 वर्षांचा.

आणि नंतर पुढची 20 वर्षं काहीच नाही. एकही अधिकृत डाव नाही. 1975 साली सोव्हिएत आव्हानवीर कार्पोवविरुद्ध त्याने अटी घातल्या: दहा डाव जिंकेल तो विजेता, बरोबऱ्या धरायच्या नाहीत, 9-9 झालं तर पद माझ्याकडेच. संघटनेने दहा विजयांची अट मान्य केली, 9-9ची फेटाळली. फिशर खेळला नाही. कार्पोव न खेळता जगज्जेता झाला. या प्रसंगी तो चुकला असं माझं स्पष्ट मत आहे. आव्हानवीराने दोन डावांचं अंतर घ्यावं, हे त्याच्याच न्यायबुद्धीला धरून नव्हतं. पण तोपर्यंत त्याला ‘नाही’ म्हणणारा प्रत्येक जण कटातला वाटू लागला होता. ज्या धर्मपंथासाठी त्याने बक्षिसातली मोठी रक्कम दिली, त्या पंथाशीही त्याचं फाटलं. 1981 साली पासाडेनात पोलिसांनी त्याला बँक लुटणारा समजून धरलं आणि कोठडीत ठेवलं. त्याने त्यावर पुस्तिकाच छापली. इथेही पोलीस चुकले होते, तो दरोडेखोर नव्हता. पुन्हा एकदा त्याचं खरं निघालं.

1992 साली युगोस्लाव्हियात, युद्ध चालू असताना, संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध असताना, स्पास्कीशी पुन्हा सामना. अमेरिकन सरकारने खेळू नकोस म्हणून पत्र पाठवलं. पत्रकारांसमोर तो त्या पत्रावर थुंकला. जिंकला दहा विरुद्ध पाच, 15 बरोबरीत. त्यानंतर अटकेचं वॉरंट, आणि मायदेश कायमचा तुटला. 1997 साली आई वारली, 1998 साली ती पट आणणारी बहीण. तो दोघींच्याही अंत्यविधीला जाऊ शकला नाही.

आता जे सांगायचंय ते टाळून चालणार नाही. या काळात तो ज्यूंविरुद्ध अत्यंत घाणेरडं बोलत होता. स्वतःची आई ज्यू असताना. 11 सप्टेंबर 2001ला फिलिपिन्समधल्या एका रेडिओवर त्याने न्यूयॉर्कच्या हल्ल्याचं स्वागत केलं. हजारो निष्पाप माणसं मेली होती. त्याच्या डावांवर माझं जेवढं प्रेम आहे, तेवढ्याच ठामपणे मी सांगतो की या बोलण्याला प्रतिभेच्या नावाने माफी नाही. ज्या मुलांना मी त्याचे डाव दाखवतो, त्यांना हेही सांगतो. मुलं ऐकतात, त्यांना कळतं. मोठ्यांना वाटतं की एक झाकल्याशिवाय दुसरं दाखवता येत नाही.

पण द्वेष आला कुठून, हे बघायलाच हवं. कार्पोव आणि कास्पारोव यांचे जगज्जेतेपदाचे डाव आधीपासून ठरवून खेळलेले आहेत, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. पुरावा काही नव्हता. क्युरासावच्या वेळी बाराच्या बारा बरोबऱ्या समोर होत्या. इथे फक्त त्याची खात्री होती. संशय तोच, स्वर तोच, फक्त पाया उरला नव्हता, आणि आतून पाहणाऱ्याला हा फरक दिसत नाही. विशेष म्हणजे याच संशयातून त्याने 1996 साली नवा खेळ मांडला: मागच्या ओळीतली मोहरी दर डावाला वेगळी लावायची, 960 मांडण्या, म्हणजे पाठ केलेली तयारी निरुपयोगी. आज जगातले अव्वल खेळाडू तो आवडीने खेळतात. मोडलेल्या मनातूनही त्याच्या हातून खेळाचं भलंच होत होतं.

जुलै 2004मध्ये जपानच्या नारिता विमानतळावर रद्द झालेल्या पासपोर्टवरून त्याला अटक झाली. तो महिनोन्‌महिने कोठडीत राहिला. तेव्हा स्पास्कीने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं. आशय असा: गुन्हा आम्ही दोघांनी केला, मलाही अटक करा, बॉबीच्या कोठडीत टाका, आणि आम्हाला एक पट द्या. आइसलँडच्या संसदेने मार्च 2005मध्ये त्याला नागरिकत्व दिलं. 1972 साली त्याच्या संरक्षणाला नेमलेला पोलीस शिपाई सेमुंदूर पालसन मदतीला धावणाऱ्यांत होता. एका छोट्या देशाने तेहतीस वर्षांपूर्वीचा पाहुणा लक्षात ठेवला. 2008च्या जानेवारीत तो रेक्याविकला मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. उपचार त्याने नाकारले होते. डॉक्टरांवरही विश्वास नव्हता.

मला वाटतं, फिशरच्या संपूर्ण आयुष्यात त्याच्याशी सर्वांत योग्य वागलेला माणूस त्याचा प्रतिस्पर्धी होता. स्पास्की त्याच्याशी पटावर लढला, हरला, टाळ्या वाजवल्या, आणि जगाने सोडलं तेव्हाही सोडलं नाही. बाकीच्यांना फिशरचा विजय हवा होता, किंवा त्याचा पराभव.

आता आपल्याकडे येतो. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की गावोगावी मुलांच्या स्पर्धा सुरू होतात. मी दारात उभा राहून बघतो. मूल बाहेर येतं, आणि पहिला प्रश्न: जिंकलास? हरला असेल तर दुसरा प्रश्न हल्ली मला फार ऐकू येऊ लागलाय: तो फोन घेऊन संडासात गेला होता का? ऑनलाइन स्पर्धेत तर हरलं की थेट निष्कर्ष, समोरच्याने इंजिन, म्हणजे चाली सांगणारा संगणक प्रोग्रॅम, लावलं. कधीकधी ते खरंही असतं. फसवाफसवी होते, ती पकडायलाच हवी, पंचाकडे जा, तक्रार करा, त्यासाठी नियम आहेत. पण आठ वर्षांच्या मुलाला स्वतःच्या डावाकडे बघायच्या आधी समोरच्यावर संशय घ्यायला शिकवू नका. त्याला तुम्ही जे शिकवताय त्याचं पुढे काय होऊ शकतं, ते तासभर सांगत आलोय.

डाव संपला की दोघांनी बाजूच्या टेबलावर बसून तो पुन्हा लावायचा, ही आपल्या खेळातली सगळ्यात सुंदर पद्धत. तुला इथे काय वाटत होतं, मला ही चाल दिसलीच नव्हती, असं एकमेकांना सांगायचं. भक्ती कुलकर्णी, अनुराग म्हामल, इव्हाना फुर्तादो यांच्यासारखे आपले खेळाडू मोठे झाले त्या काळात प्रत्येक स्पर्धेत हे चित्र दिसे. आज मूल बाहेर येतं ते सरळ मोबाइलकडे, इंजिन काय म्हणतं ते बघायला. इंजिन चाल सांगतं. पण समोरचा मुलगाही घाबरला होता, त्यालाही काही दिसलं नव्हतं, हे फक्त तो मुलगाच सांगू शकतो. प्रशिक्षकांना माझी विनंती आहे: आयोजकांकडे एक स्वतंत्र खोली आणि चार पट मागून घ्या, फक्त या कामासाठी. पालकांना विनंती आहे: ते दहा मिनिटं चालेल, तेवढा वेळ थांबा, घाई करू नका.

बस. आता अर्धा तास हातात आहे, तो पटावर घालवू. मोठा पट इथे लावलाय, मुलांनो पुढे येऊन बसा. मागे बसलेल्यांना दिसणार नाही, त्यांनी बाजूने उभं राहिलं तरी चालेल. रेक्याविकचा सहावा डाव. पांढरा फिशर, काळा स्पास्की. पहिली चाल सी-चार. काळ्याच्या जागी तुम्ही असता तर काय खेळला असता? हात वर करा.